जिरॅनियमवरचं ते छोटं तपकिरी फुलपाखरू: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी स्पेनमध्ये समुद्रकाठच्या एका शहरात राहते, बाल्कनीत जिरॅनियमच्या अकरा कुंड्या आहेत (होत्या चौदा, ते पुढे येईलच). युरोपात राहणारे आपले लोक मला फोटो पाठवून तेच ते प्रश्न विचारत असतात, "कळ्या काळ्या पडतायत", "देठाला भोक आहे", "हे गोड फुलपाखरू कोणतं गं", आणि बहुतेक वेळा तिन्ही प्रश्नांचं उत्तर एकच असतं. म्हणून सगळं एका जागी लिहून टाकतेय.

हे नक्की कोणतं फुलपाखरू?

इंग्रजीत जिरॅनियम ब्रॉन्झ, शास्त्रीय नाव कॅसिरियस मार्शली. मराठी नाव असायचं कारण नाही कारण हे आपल्याकडचं नाहीच, पण कुळ ओळखीचं आहे, आपण ज्यांना नील म्हणतो ती छोटी छोटी फुलपाखरं असतात ना, त्यातलंच हे. फक्त नील कुळातलं असून यात निळं काही नाही, ही एक गंमतच. स्पॅनिशमध्ये याला सरळ 'तालाद्रो देल हेरानियो' म्हणतात, म्हणजे जिरॅनियमचं ड्रिल मशीन, आणि एकदा का देठ चिरून बघितला की हे नाव किती चपखल आहे ते पटतं.

ओळखायचं कसं?

पंख पसरले तर दीड ते अडीच सेंटीमीटर, बस. वरची बाजू गडद तपकिरी, उन्हात तांब्याच्या जुन्या भांड्यासारखी झळाळी येते, आणि पंखाच्या कडेला पांढऱ्या-तपकिरी चौकड्यांची बारीक झालर. पंख मिटून बसलं की खालची बाजू दिसते, राखाडी-तपकिरी, संगमरवरी नक्षीसारखी. मागच्या पंखाला एक बारीकशी शेपटी आणि तिच्या बुडाशी काळा ठिपका. बसल्या बसल्या ते मागचे पंख एकमेकांवर घासतं, शेपट्या हलतात आणि ठिपका डोळ्यासारखा वाटतो, त्यामुळे डोकं कुठलं आणि बूड कुठलं हेच कळत नाही. पक्ष्याने चोच मारली तर ती पंखाच्या तुकड्यावर जाते आणि हे साहेब उडून जातात.

गोंधळ होतो तो शेपटीवाल्या दुसऱ्या नील फुलपाखरांशी, विशेषतः वाटाण्या-घेवड्याच्या फुलांवर येणारं जे असतं (ते आपल्याकडेही भरपूर आहे) त्याच्याशी. पण त्यांच्या पंखाच्या वरच्या बाजूला निळी-जांभळी छटा असते, याच्यात औषधालाही निळं नाही. आणि सगळ्यात सोपी खूण म्हणजे ते कुठे घुटमळतंय ते बघा. जिरॅनियमच्या कुंडीभोवतीच गिरट्या, परत परत कळ्यांवरच बसणं, मग शंका ठेवू नका.

आलं कुठून?

दक्षिण आफ्रिका आणि आजूबाजूचा प्रदेश. तिथे रानात पेलार्गोनियम (आपण कुंडीत जिरॅनियम म्हणून लावतो ते) भरपूर, त्यावर हे आपलं निवांत जगतं, त्याला खाणारे त्याचे शत्रूही तिथेच, त्यामुळे सगळं तोलून धरलेलं. माणसाने तिथून पेलार्गोनियम युरोपात आणले त्याला तीनशे वर्षं होऊन गेली, पण फुलपाखरू मागे राहिलं होतं. ते आलं १९८० च्या दशकाच्या शेवटी. स्पेनच्या मायोर्का बेटावर ते सापडलं, आणि आयात केलेल्या कुंड्यांमधून आलं असणार असंच सगळे मानतात. तिथून स्पेनच्या मुख्य भूमीवर, १९९६ ला रोममध्ये, १९९७ ला फ्रान्समध्ये, त्याच वर्षी इंग्लंडच्या लुईस गावातल्या एका बागेत. आता पोर्तुगाल, मोरोक्को, क्रोएशिया, माल्टा, सगळीकडे आहे.

नकाशावर बघितलं तर हा प्रवास उडत गेल्यासारखा नाही वाटत, उड्या मारत गेल्यासारखा वाटतो. मधला पट्टा मोकळा आणि एकदम शेकडो किलोमीटरवर नवा ठिपका.

इतकं छोटं फुलपाखरू इतक्या लांब कसं काय गेलं?

ट्रकने. चेष्टा नाही करत. हे काही फार लांब उडणारं फुलपाखरू नाही, एका बाल्कनीतून शेजारच्या बाल्कनीत, तिथून खालच्या मजल्यावर, असं चालतं त्याचं. पण मादी अंडी घालते कळ्यांवर, एकेक सुटं, अर्ध्या मिलिमीटरचं पांढुरकं अंडं, आणि अळी निघाली की लगेच कळीत शिरते, म्हणजे बाहेरून कुंडी एकदम टवटवीत, कळ्यांनी लगडलेली, विकायला तयार. अशा हजारो कुंड्या वसंतात नर्सरीतून ट्रकमध्ये, ट्रकमधून दुकानात, दुकानातून तुमच्या-माझ्या घरी. पुढचं काम शहरच करतं, कारण भूमध्य समुद्राकाठच्या गावात खिडकी तिथे जिरॅनियम. स्पेनमधल्या कोर्दोबा शहरातल्या अंगणांचे फोटो बघितले असतील ना, पांढरी भिंत आणि त्यावर वरपासून खालपर्यंत टांगलेल्या कुंड्या? आपल्याला ती शोभा दिसते, या फुलपाखराला जेवणाची पंगत दिसते.

तुम्ही कधी जिरॅनियम म्हणता कधी पेलार्गोनियम, एकच ना?

नाही, आणि हा घोळ अडीचशे वर्षं जुना आहे. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ मध्ये सगळ्यांना एकाच जिरॅनियम नावाखाली घातलं, नंतर १७८९ मध्ये लेरितिए नावाच्या फ्रेंच माणसाने आफ्रिकेतले वेगळे काढून त्यांना पेलार्गोनियम केलं, पण तोपर्यंत लोकांच्या तोंडी जिरॅनियमच बसलेलं. आपण कुंडीत लावतो ते पेलार्गोनियम. खरं जिरॅनियम म्हणजे युरोपच्या कुरणात, जंगलाच्या कडेला उगवणारं, थंडी सोसणारं. फरक बघायचा तर फूल बघा, जिरॅनियमच्या पाचही पाकळ्या सारख्या, पेलार्गोनियमच्या वरच्या दोन वेगळ्या आणि खालच्या तीन वेगळ्या.

नावं मात्र मला फार आवडतात. दोघांचीही बी लांब चोचीसारख्या शेंगेत होते, म्हणून ग्रीकमधल्या क्रौंच पक्ष्यावरून जिरॅनियम आणि करकोच्यावरून पेलार्गोनियम. एक क्रौंच, एक करकोचा. मी खाली बोलीभाषेतल्यासारखं जिरॅनियमच म्हणणार आहे, जिथे फरक पडतो तिथे सांगेन.

माझ्या कुंडीत आहे हे कसं कळणार?

फुलपाखरू दिसण्याची वाट बघू नका, तेव्हा उशीर झालेला असतो. कळ्या बघा. मी काय करते, सकाळी चहाचा कप घेऊन बाल्कनीत जाते आणि प्रत्येक कळ्यांचा गुच्छ बोटांनी जरासा फाकवते. चांगली कळी घट्ट आणि हिरवी असते. पोखरलेल्या कळीला टाचणीच्या टोकाएवढं गोल भोक असतं आणि त्याच्या तोंडाशी काळपट रवाळ काहीतरी, ती अळीची विष्ठा. अशी कळी नखाने उघडली की आत गुलाबी पाकळ्यांचा कुस्करा आणि त्यात वेटोळं करून पडलेली हिरवी अळी, अंगावर गुलाबी पट्टे आणि बारीक पांढरे केस. पहिल्यांदा बघितली तेव्हा मला ती कळीचाच भाग वाटली होती, इतकी मिसळून जाते. मग हलली.

दुसरी खूण देठावर. अळी मोठी झाली की कळीतून उतरून देठात घुसते आणि आतला गाभा खात जाते, अगदी वांग्याचा शेंडा पोखरणारी अळी करते तसंच. बाहेरून काय दिसतं, तर एखादा शेंडा उगाचच माना टाकतो, पाणी घातलं तरी सावरत नाही, दोन दिवसांनी देठ काळा पडायला लागतो. लोकांना वाटतं पाणी जास्त झालं, मुळं कुजली. तसं नसतं. मुळं कुजली की झाड खालून जातं, हे वरून जातं. तो देठ ब्लेडने उभा चिरा, आत पोकळ काळी नळी दिसेल आणि नशीब असेल तर तीत सेंटीमीटरभर लांबीची अळी पण.

कोष शोधायचा तर वाळक्या पानांत, झडलेल्या फुलांच्या कचऱ्यात. केसाळ, हिरवट किंवा फिकट तपकिरी, फार तर वाटाण्याएवढा.

फुलपाखरू मोठं झाल्यावर झाड खातं का?

नाही, ते नुसता मध पितं. जो काय धुमाकूळ तो अळीचा.

किती दिवसांत वाढतं? माझी कुंडी दोन महिन्यांत संपली!

संपणारच. तापमानावर आहे सगळं. कडक उन्हाळ्यात, तीस अंशाच्या आसपास, अंड्यापासून फुलपाखरू व्हायला महिनाभर लागतो, वीस अंशाला साधारण दोन महिने. दक्षिणेकडे जिथे हिवाळा नावापुरताच असतो तिथे वर्षभर पिढ्यांवर पिढ्या चालू. आणि एका कुंडीत एकाच वेळी अंडी, अळ्या, कोष सगळंच असतं, त्यामुळे एकदा साफ केलं आणि झालं असं होत नाही. माझ्या ज्या तीन कुंड्या गेल्या त्या अशाच गेल्या, जुलैत एकदा साफ केल्या, गावाला गेले, ऑगस्टअखेर परत आले तर नुसत्या काड्या.

मग करायचं काय?

मी करते ते सांगते, क्रमाने नाही, जसं आठवेल तसं.

हाताने वेचणं. कंटाळवाणं आहे पण पाच-दहा कुंड्यांना यापेक्षा चांगलं काही नाही. भोक पडलेली कळी, माना टाकलेला शेंडा, दिसला की कापायचा, आणि देठ कापताना काळी नळी संपून आतला गाभा पांढरा-हिरवा दिसेपर्यंत खाली कापत यायचं. अर्धवट कापलं तर अळी खालच्या तुकड्यात राहते आणि तुम्हाला वाटतं काम झालं. कापलेलं सगळं पिशवीत घालून तोंड बांधून कचऱ्यात. कंपोस्टमध्ये नको, कुंडीच्या मातीवर तर अजिबात नको, मी सुरुवातीला तोच शहाणपणा केला होता, कापायचं आणि तिथेच टाकायचं, म्हणजे अळ्यांना उचलून परत ताटावर बसवल्यासारखंच.

वाळकी फुलं आणि पानं रोजच्या रोज काढा. वसंतात एकदा जोरात छाटणी करा.

विकत घेताना कळ्या तपासा. दुकानदार बघत असला तरी बघा, लाजू नका. नवी कुंडी आणली की दोन-तीन आठवडे बाकीच्यांपासून लांब ठेवा.

बीटीची फवारणी. हे बॅसिलस थुरिंजिएन्सिस नावाच्या जिवाणूपासून बनवतात, त्यातला कुर्स्ताकी प्रकार अळ्यांसाठी असतो. अळीच्या पोटात गेलं तरच काम करतं, म्हणजे अळी कळीच्या आत शिरण्याआधी तिने ते खाल्लं पाहिजे. आत शिरल्यावर वरून कितीही मारा, काही उपयोग नाही. म्हणून कळ्या यायला लागल्या की संध्याकाळी फवारायचं (उन्हात त्याचा प्रभाव लवकर जातो), आणि लेबलवर लिहिलेल्या अंतराने परत परत. मधमाश्यांना त्याचा त्रास नाही ही मोठी गोष्ट.

एखादं जालीम औषध सांगा ना, एकदाच मारायचं आणि विषय संपवायचा

अळी देठाच्या आत, म्हणून लोक झाडाच्या रसात भिनणारी कीटकनाशकं शोधतात. भिनतात ती फुलातल्या मधातही उतरू शकतात, आणि तुमच्या बाल्कनीत मधमाशी कधी येईल ते तुम्हाला विचारून येत नाही. युरोपियन युनियनने २०१८ मध्ये अशी तीन निओनिकोटिनॉइड औषधं उघड्यावर वापरायला बंदी केली ती मधमाश्यांमुळेच. कपाटात जुनी बाटली असेल तर ती वापरू नका आणि सिंकमध्येही ओतू नका. माझं मत विचाराल तर शोभेच्या कुंडीसाठी एवढं विष हातात धरायचंच कशाला.

पण फुलपाखरू आहे ते! फुलपाखरं कमी होतायत म्हणून रडतो आणि आलेलं मारायचं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि थोडा रागानेच येतो. मलाही पहिल्या वर्षी जीवावर आलं होतं. बाल्कनीतल्या कुंड्यांपुरता विषय असता तर मी म्हटलं असतं राहू दे, फुलं दोन कमी. आणि परकी म्हणजे वाईट असंही नाही, जिरॅनियम स्वतःच परकं आहे की. पण काँग्रेस गवत आठवा, १९५० च्या दशकात पुण्याजवळ पहिल्यांदा लक्षात आलं आणि बघता बघता देशभर माळरानं व्यापली. नुसतं बाहेरून येणं वेगळं आणि येऊन दुसऱ्याची जागा खाणं वेगळं.

इथे भीती आहे ती रानातल्या खऱ्या जिरॅनियमची. इटलीतल्या संशोधकांनी युरोपातली रानटी जिरॅनियमं या फुलपाखराला देऊन बघितली, २००८ मध्ये ते छापून आलं. मादीने त्यावर अंडी घातली आणि अळ्या वाढून फुलपाखरंही झाली. म्हणजे कुंडी सोडून कुरणात जायला त्याला अडचण नाही, निदान खाण्याची तरी नाही. आणि त्या रानजिरॅनियमवर युरोपची स्वतःची नील फुलपाखरं जगतात, एक तर जिरॅनियम आर्गस नावाचंच आहे, त्यांच्या अळ्यांना दुसरं काही चालत नाही. आपलं हे वर्षाला कितीतरी पिढ्या काढणार आणि ते बिचारं एकच काढणार, म्हणजे पंगतीत कुणाच्या वाट्याला काय उरेल ते बघा. डोंगरातली थंडी सध्या याला अडवून धरतेय. ती थंडी दरवर्षी थोडी थोडी कमी होतेय.

म्हणून युरोप आणि भूमध्य प्रदेशाच्या वनस्पती संरक्षण संघटनेने याला ए-२ यादीत ठेवलंय. या यादीचा अर्थ असा की कीड भागात शिरलेली आहे पण सगळीकडे पोचलेली नाही, तेव्हा अजून अडवण्यात अर्थ आहे.

याआधी कुठलं फुलपाखरू असं पसरलंय का?

पुष्कळ. कोबीवरचं पांढरं फुलपाखरू युरोपातून १८६० च्या सुमाराला कॅनडाच्या क्वेबेकमध्ये पोचलं आणि मग सगळा उत्तर अमेरिका खंड त्याचाच झाला. उलट दिशेचंही आहे, आपल्या कढीपत्त्यावर ज्याच्या अळ्या असतात ते काळं-पिवळं लिंबाचं फुलपाखरू २००४ मध्ये डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये सापडलं, नंतर प्वेर्तो रिको, जमैका, क्युबा, आणि तिथल्या संत्र्या-लिंबांच्या रोपांना त्याने हैराण केलं. आपल्याकडे आपण त्याला कौतुकाने बघतो!

पण माझी आवडती गोष्ट न्यूझीलंडची. २०१० मध्ये नेल्सन शहरात कोबीवरच्या फुलपाखराचा मोठा भाऊ, मोठं पांढरं, घुसलं. सरकारी माणसांनी घरोघरी बागा तपासल्या, आणि २०१३ च्या शाळेच्या सुट्टीत चक्क जाहीर केलं की पकडून आणलेल्या प्रत्येक फुलपाखरामागे दहा डॉलर. पोरं जाळ्या घेऊन गावभर. २०१४ च्या डिसेंबरनंतर तिथे एकही सापडलेलं नाही, आणि घुसलेलं फुलपाखरू माणसाने ठरवून पूर्ण संपवल्याचं हे जगातलं पहिलं उदाहरण मानतात. एका शहरात होतं तोवर पकडलं म्हणून जमलं. आपलं हे गाडं फार पुढे गेलंय.

याला खाणारं कोणीच नाही का इथे?

आहेत, हळूहळू शिकतायत. इटलीत एक परजीवी माशी याच्या अळ्यांवर सापडली आहे, ती अळीवर अंडं घालते आणि तिचं पिल्लू अळीला आतून खातं. अळी देठात लपलेली असल्यामुळे पक्ष्यांना मात्र फारसं काही करता येत नाही.

मुलीने अळी बरणीत पाळलीय, फुलपाखरू झाल्यावर सोडू का?

पाळू द्या, शिकण्यासारखं आहे, कोषातून बाहेर येऊन पंख सुकवतानाचा अर्धा तास तर चुकवूच नका. पण नंतर सोडू नका, विशेषतः तुमच्या भागात ते अजून आलेलं नसेल तर. बरणी तशीच फ्रीजरमध्ये ठेवायची. मुलीला काय सांगायचं ते तुम्ही ठरवा, मी माझ्या भाच्याला खरं सांगितलं, तो दोन दिवस बोलला नाही माझ्याशी.

आईला फार आवडलाय हा रंग, सुट्टीला येताना भारतात दोन कटिंग आणू का?

नका आणू. भारतात लावायची रोपं, कटिंग काहीही आणायचं तर आयात परवाना आणि निघण्याच्या देशातलं वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागतं, २००३ चा प्लांट क्वारंटाइन आदेश आहे त्यासाठी. मोज्यात गुंडाळून आणलं तर कोणाला कळतंय, असं म्हणणारे मला माहीत आहेत, पण देठातली अळी तपासणीवाल्यालाच काय तुम्हालाही दिसत नसते. आईला फोटो पाठवा.

आमच्याकडे जर्मनीत बर्फ पडतो, थंडीत मरतं ना?

बाहेर असेल तर कडाक्याच्या थंडीत मरतं, हो. पण तुमचं जिरॅनियम तरी कुठे बाहेर असतं? ऑक्टोबरात कुंड्या उचलून जिन्यात, तळघरात, स्वयंपाकघराच्या खिडकीत, आणि देठातली अळीही त्यांच्याबरोबर आत. म्हणून आत घेण्याआधीच कळी न् कळी काढून टाका, झाड वीतभर उरेल इतकं छाटा, प्रत्येक काप बघा, काळं दिसलं तर अजून खाली कापा. वसंतात फुटतं सगळं, घाबरू नका.

हे मला कळलं ते फार उशिरा. म्युनिकला माझी मैत्रीण आहे, तिला माझा तो गडद लाल रंग हवा होता, ऑक्टोबरच्या शेवटी मी तिच्याकडे गेले तेव्हा ओल्या टिश्यूत गुंडाळून चार काड्या नेल्या, चांगल्या जाडजूड निवडून. ख्रिसमसच्या आठवड्यात तिचा व्हिडिओ आला. बाहेर खिडकीच्या काठावर बर्फ साचलेलं, आत काचेवर एक तपकिरी फुलपाखरू वर चढतंय, घसरतंय, परत चढतंय, आणि मागून हिचा आवाज, "अगं बघ ना, एवढ्या थंडीत कुठून आलं असेल गं हे?"